कोणतं वाक्य चुकलं ते सांगा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वातावरण तापलं होतं. दाणे टाकायला उच्च न्यायालयानं परवानगी नाकारली होती, पालिकेनं बांबू ठोकून ताडपत्री घातली होती आणि ६ ऑगस्टला जमावानं ती फाडून काढली. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच व्हिडिओ फिरत होते. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चार ओळी लिहिल्या. दाणे टाकणं बंद व्हायलाच हवं, कारण कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसांचं काय होतं ते मी भोगतो आहे. पण ज्यांची जीवदयेवर श्रद्धा आहे त्यांची टिंगल करू नका. वस्तीपासून लांब मोकळी जागा शोधता येईल का, हे पालिकेला विचारू. तोवर न्यायालयाचं ऐकू.

अर्ध्या तासात काका ‘शेठजींचे छुपे दलाल’ झाले होते. आणि त्याच अर्ध्या तासात, दुसऱ्या बाजूनं, ‘धर्माच्या नावानं ओरडणाऱ्यांचे छुपे साथीदार’. काकांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ग्रुपवर काहीच लिहिलेलं नाही, पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा नाही. इमारतीत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातलं कामकाज नीट कळणारा तो एकच माणूस आहे.

या प्रसंगातला ‘छुपा’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. दोन्ही बाजूंनी तोच वापरला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन गटांना शिवी मात्र एकच सुचली. नीट पाहिलं तर मधल्या माणसावर मारलेल्या जवळपास प्रत्येक शिक्क्यात हा शब्द उघड नाही तर दडून असतोच. छुपा संघी, छुपा डावा, आतून त्यांचाच, मुखवट्याआडचा. काका काय म्हणाले याच्याशी या शब्दाला काही घेणंदेणं नाही. काका ‘खरे’ कोण आहेत, एवढंच तो सांगतो. आणि आपण आतून कोण नाही, हे माणसानं सिद्ध करायचं कसं? घसा कोरडा पडेपर्यंत नाही म्हटलं, तर छुपेपणाचा तोच पुरावा ठरतो.

मला इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मवाळ माणसाला लावलेलं लेबल हे त्याच्या मताचं वर्णन नसतं. त्याचं वाक्य कुणी ऐकू नये, यासाठी केलेली ती व्यवस्था असते. आणि तिचा रोख त्या माणसावर कमी, आपल्याच बाजूला उभ्या असलेल्या, मनातून थोड्या डळमळलेल्या लोकांवर जास्त असतो. बघा, असं बोललात तर तुमचंही हेच होईल.

आपल्या भाषेत तर ही व्यवस्था फार जुनी आहे. दोन्ही डगरींवर हात, तळ्यात-मळ्यात, कुंपणावरचा, बोटचेपा, गुळमुळीत, घरभेदी. मधल्या माणसाला हिणवायला मराठीत शब्दांची रास आहे. कौतुकाला शब्द शोधायला गेलं तर समंजस, नेमस्त अशा दोन-तीन शब्दांवर थांबावं लागतं, आणि त्यातला नेमस्तही आता पुस्तकातच उरला. काँग्रेसमधल्या दोन प्रवाहांना आपण शाळेपासून जहाल आणि मवाळ म्हणत आलो. हे शब्दही तटस्थ नाहीत. जहाल आपण विषाला म्हणतो आणि त्यात धास्ती असली तरी एक दरारा असतो. मवाळ म्हणताना डोळ्यांसमोर काहीतरी दाबलं की दबणारं येतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल एक ओळही न वाचलेल्या मुलाला ते कसे होते हे आधीच ठाऊक झालेलं असतं.

गोखल्यांचं १८९७ चं प्रकरण मला वारंवार आठवतं. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग आणि घराघरात शिरणारे सोल्जर. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं पुण्याच्या पत्रांतून कळलं, तेव्हा गोखल्यांनी ते विलायतेत उघडपणे सांगितलं. जूनमध्ये प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि सगळं वातावरण बदललं. गोखले मुंबई बंदरात उतरले तेव्हा पुराव्यानिशी पुढे यायला कुणी तयार नव्हतं. आरोप सिद्ध करता येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. एक तुरुंगात, एक माफी मागून घरी. लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल हे सांगायला नको. भित्रेपणाचा तो डाग पुढे वर्षानुवर्षं गोखल्यांच्या अंगावर राहिला.

मला स्वतःला ती माफी खुपते. इतकी सरसकट माफी मागायची गरज होती का, असं वाटतं. पण जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, असं चारचौघांत कबूल करायला लागणारं धैर्य आज मला कुठल्याच बाजूला दिसत नाही, आणि त्या धैर्यालाच तेव्हा भित्रेपणा म्हटलं गेलं. १९०८ मध्ये टिळकांना मुंबईच्या उच्च न्यायालयात सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यानंतर तर ती गोखल्यांनीच घडवून आणली असाही आरोप झाला आणि त्यांना अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. पुन्हा तेच, आतून त्यांचाच.

या ‘आतून त्यांच्या’ माणसानं केलं काय? १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना तो सरकारलाच सरकारचे आकडे वाचून दाखवत राहिला: दुष्काळात लोक मरत असताना तुमच्या तिजोरीत शिल्लक कशी? मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ ते १९०७ या काळात टप्प्याटप्प्यानं एक रुपयावर आला. त्याचं सगळं श्रेय एकट्या गोखल्यांचं नव्हे, पण तो कमी करा म्हणून हट्टानं बोलणाऱ्यांत त्यांचा आवाज ठळक होता. गरिबाच्या भाकरीबरोबरचं मीठ स्वस्त झालं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं त्यांचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, पण सहाच वर्षांत विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात तसा कायदा करून घेतला. ज्यांना हे सगळं गुळमुळीत वाटतं त्यांनी त्या काळच्या एखाद्या कुणब्याच्या घरचा हिशेब मांडून पाहावा.

सुरतेला १९०७ च्या डिसेंबरात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबईच्या फिरोजशहा मेहतांना लागला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं. ती फूट लखनौला १९१६ मध्ये सांधली गेली तेव्हा गोखले आणि मेहता दोघंही हयात नव्हते. पण १९१५ च्या फेब्रुवारीत गोखल्यांच्या चितेसमोर टिळक बोलले. हा हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न, याच्यासारखं होण्याचा प्रयत्न करा, असं त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. टिळक मोठे होते म्हणून हे बोलू शकले. त्यांच्या नावानं शिक्के मारत फिरणाऱ्यांना ते कधी जमलं नाही.

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मध्यम मार्ग म्हणजे पुष्कळदा निव्वळ सोय असते. ज्याच्या पायाखाली काही जळत नाही त्याला सबुरीचा सल्ला देणं सोपं जातं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं ग्रंथकारांची सभा भरायची होती. जोतीराव फुल्यांनी तिचं निमंत्रण नाकारताना या मंडळींना ‘उंटावरून शेळ्या वळणारे’ म्हटलं. घाव वर्मी होता. शूद्रांना काय सोसावं लागतं हे उंटावर बसलेल्यांना कुठून कळणार, असा त्यांचा प्रश्न होता. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, यावरून सुधारकांनी त्यांना सुनावलं तेही योग्यच होतं.

पण हे शिक्के नव्हते. फुल्यांच्या शब्दांत रानड्यांची नेमकी चूक होती: तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिता त्यांचं जगणं तुम्हाला माहीत नाही, आणि तुमचे आमचे हितसंबंध वेगळे आहेत. याला उत्तर देता येतं, हे मान्य करता येतं, त्यावरून स्वतःला बदलता येतं. ‘छुपा’ या शब्दावरून कुणाला स्वतःला बदलता येईल? आणि हेच फुले त्याआधी दहा वर्षं, १८७५ मध्ये, पुण्यात स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत रानड्यांच्या सोबतीनं आपली माणसं घेऊन उभे राहिले होते, कारण सनातनी ती उधळायला निघाले होते. एवढा कडक टीकाकार गरजेच्या वेळी शेजारी उभा राहू शकत होता.

दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभं राहणं म्हणजे मवाळपणा, असं मी मानत नाही. काही प्रश्नांना मधली जागाच नसते. चवदार तळ्याचं पाणी अर्धी ओंजळ पिऊ द्या, असा काही मध्यममार्ग होऊ शकत नव्हता. जो तसं सुचवेल तो अन्याय करणाऱ्याच्या बाजूचा. पण महाडचीच गोष्ट पुढे पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. कागदी ठराव, मवाळ मार्ग. तो कागदावरच पडून राहिला असता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन त्याला अर्थ दिला. पण आम्ही कायद्यानं आमचं असलेलंच मागतो आहोत, असं त्यांना म्हणता आलं ते त्या ठरावामुळे. त्या ठरावाची किंमत महाडला पाणी पिणाऱ्यांना नेमकी कळली होती. बोल्यांना बोटचेपे ठरवून कुणी आधीच गप्प केलं असतं, तर महाडच्या हाती तो कागद नसता.

मग मवाळपणा म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर ‘तारतम्य’ या शब्दात आहे. संस्कृतातल्या तर आणि तम या दोन प्रत्ययांपासून तो झाला. लघुतर, लघुतम. अधिक आणि सर्वांत अधिक यातला फरक ओळखणं म्हणजे तारतम्य. एखादी गोष्ट वाईट आहे, पण किती? कुणाची चूक मोठी, कुणाची लहान? टोकाच्या माणसाला या ‘किती’चाच राग येतो. त्याच्या जगात गोष्टी असतात किंवा नसतात. म्हणून समोरच्या टोकाशी त्याचं छान जमतं, कारण ते टोक त्याच्या भाषेत बोलतं, त्याला रोज नवं कारण पुरवतं. ‘किती’ विचारणारा माणूस मात्र त्याच्या घरातच गोंधळ माजवतो.

आपल्याकडे घरभेद्याला एक कायमचं नाव आहे, सूर्याजी पिसाळ. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे नाव यशवंतराव चव्हाणांना लावलं गेलं. नेहरू की महाराष्ट्र, असा प्रश्न आला तर मी नेहरूंच्या बाजूनं, अशा अर्थाचं ते बोलले होते. ते बोलणं मराठी माणसाला लागलं आणि लागायलाच हवं होतं. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसं मरत होती, १०५ हुतात्म्यांची यादी लांबत होती. रस्त्यावरच्या त्या रेट्याशिवाय मुंबई मिळाली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मराठी-गुजराती मिळून केलेलं द्वैभाषिक राज्य चालत नाही, हे दिल्लीच्या गळी उतरवायला आतला माणूसही लागला. १ मे १९६० ला मंगल कलश आला तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. पिसाळ हे नाव मागे घेतल्याचं मात्र फारसं कुणाच्या आठवणीत नाही. शिक्का मारायला क्षण लागतो, पुसायला कुणी येत नाही.

आमच्या घरात असा एक शिक्का आहे. माझे मामा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात मामाही पहिल्या दिवसापासून होते. बदली कामगारांना कायम करा, पगार वाढवा, या मागण्या त्यांच्याही होत्या. पावसाळा संपत आला तेव्हा चाळीच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले की सगळं मिळेपर्यंत थांबायचं की जे हाती लागेल ते घेऊन आत जायचं, याचा एकदा विचार करू. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर खडूनं ‘दलाल’ लिहिलेलं होतं. मामीनं ते ओल्या फडक्यानं पुसलं. मामा पुढे एकाही बैठकीत बोलले नाहीत.

मामांचं बरोबर होतं की चूक, मला सांगता येणार नाही. मालकांचा डोळा जमिनीवर असेल, तर तडजोड करूनही गिरण्या राहिल्या नसत्या. मालक शब्द पाळणारे नाहीत, आत्ता आत गेलो तर पुन्हा कधी उठता येणार नाही, असं मामांना समजावता आलं असतं. कुणी सांगितलं नाही. खडू सोपा होता. ज्या संपानं लाखो घरं पणाला लावली, त्यात आतून प्रश्न विचारायची जागाच उरली नाही, याचं नुकसान मामांपेक्षा संपाचं जास्त झालं, असं मला वाटतं. दुसऱ्या बाजूनं सरकार आणि मान्यताप्राप्त युनियन संपकऱ्यांना हट्टी आणि भरकटलेले म्हणत राहिली. तिथेही आधी नाव ठेवायचं आणि मग बोलणी नाकारायची, हाच क्रम होता.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मधली माणसंही धुतल्या तांदळाची नसतात. साधा हक्क मागणाऱ्याला टोकाचा, आक्रस्ताळा म्हणून बाजूला सारायची आम्हाला, म्हणजे माझ्यासारख्या मध्यमवर्गीयांना, सवय आहे. ‘टोकाचा’ हेही लेबलच. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेची झाडं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रात्रीतून पाडली गेली, तेव्हा तिथे उभ्या राहिलेल्या तरुण मुलांना माझ्याच ओळखीच्या सुशिक्षित लोकांनी विकासविरोधी म्हटलं होतं. मेट्रो हवी आणि कारशेड दुसरीकडे हवी, असं त्यातली कितीतरी मुलं म्हणत होती. त्यांचं ‘आणि’ कुणी ऐकलंच नाही.

हा ‘आणि’ सध्या फार महाग झाला आहे. शाळेत पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला शब्द बदलून पुन्हा आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले. त्या अडीच महिन्यांत मी म्हणत होते की सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नका, मुंबईत मराठी आलीच पाहिजे. मीरा रोडला मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा म्हटलं की हात उगारणं चूक आहे. ही दोन वाक्यं माझ्या मनात एकमेकांना कुठेही अडवत नाहीत. मराठीवरच्या प्रेमापोटीच दोन्ही म्हणते. पहिल्या वाक्यामुळे एका मैत्रिणीनं मला संकुचित ठरवलं, दुसऱ्यामुळे एका नातेवाइकानं विचारलं, तुम्ही मराठीच ना? मी चाळीस वर्षं या भाषेत शिकवलं आहे. त्या प्रश्नानंतर रात्री मला झोप लागली नाही.

शिक्क्यांना उलट शिक्क्यानं उत्तर द्यायचं नाही, हे मी काकांकडे पाहून ठरवलं. पण गप्पही बसायचं नाही. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: कोणतं वाक्य चुकलं ते सांगा.

कबुतरखान्याच्या वेळी काकांना ‘छुपे’ म्हणणाऱ्यांत आमच्या चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा होता. लहानपणी माझ्याकडे गणिताला यायचा. आठवड्यानं तो जिन्यात भेटला. मी त्याला थांबवलं आणि विचारलं, “काकांचं कोणतं वाक्य चुकलं रे?” त्याला आठवेना. मी म्हटलं, “फोन काढ, वाच.” तो तिथेच पायरीवर बसून वर-वर सरकवत गेला. चार ओळी वाचल्या. मग म्हणाला, “काकू, हे तर बरोबरच आहे. पण हे ते आत्ताच का बोलले? आपली माणसं तिकडे पोलिसांसमोर उभी असताना?”

हा प्रश्न मला खोटा वाटला नाही. वेळ चुकू शकते. आम्ही त्यावर बरंच बोललो. मी म्हटलं, “काकांच्या घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे, त्यांची वेळ रोजचीच असते.” तो म्हणाला, “हे मला माहीत नव्हतं.” बाजूला उभं राहायचं तर पूर्ण उभं राहावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पूर्ण उभं राहणं म्हणजे डोळे मिटून उभं राहणं नव्हे, असं माझं. पटलं नाही त्याला. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा दोघंही उठलो.

त्यानं तो शब्द ग्रुपवरून काढलेला नाही. काकाही परत आलेले नाहीत. पण गेल्या रविवारी तो त्यांच्या दाराशी उभा दिसला, वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा हे विचारत.